शेगडीवरचा आरसा

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याने आपले स्वयंपाकघर तपासण्यासाठी फेंगशुई जाणणाऱ्या एका वृद्ध आचार्यांना घरी बोलावले. त्यांच्यासोबत त्यांचा शिष्य निरंजन होता. तीन वर्षांचे शिक्षण नुकतेच संपलेले, होकायंत्र कोरे करकरीत, आणि आता आपल्याला सगळे येते अशी पक्की खात्री. त्या वयात ती असतेच, त्यात त्याचा काही दोष नाही.

व्यापाऱ्याने बैठकीतच आपली अडचण सांगितली. वर्षभर त्याच्या सुनेच्या, हेमांगीच्या, हातून काही धड होत नव्हते. दूध उतू जाई, भाकरी करपे, बरण्या हातातून निसटत. लग्न होऊन आली तेव्हा ती अशी नव्हती; माहेरी तर दहा माणसांचा स्वयंपाक एकटीने उरकायची. आता घरातली माणसे तिच्या हाताला बरकत नाही असे बोलू लागली होती. नवरा बिचारा आईपुढे तोंड उघडत नव्हता. दुसऱ्या दिवशी हेमांगीचा भाऊ तिला न्यायला येणार होता, आणि परत कधी आणायचे याविषयी कुणी चकार शब्द काढत नव्हते. जागेत दोष असेल तर जागा बदलू, असे व्यापारी म्हणाला. नसेल तर काय, हे त्याने सांगितले नाही, आणि निरंजनला ते विचारायचे सुचलेही नाही.

निरंजनने मोठ्या उत्साहाने काम सुरू केले. शेगडी आणि नळ एकमेकांपासून लांब होते, म्हणजे अग्नी आणि जल यांचे भांडण नव्हते. सुऱ्या झाकलेल्या, केराचा डबा नजरेआड. एकच गोष्ट खटकण्याजोगी होती. शेगडीपुढे उभे राहणाऱ्याची पाठ दाराकडे येत होती. पाठीमागून कोण आले ते कळत नाही, मग रांधणारे माणूस दचकते आणि तो दचका अन्नात उतरतो, असे हे शास्त्र मानते. पण पूर्वी कुणीतरी त्यावरचा उपायही सांगून ठेवला होता. शेगडीमागच्या भिंतीवर आरसा लावलेला होता, त्यात दार स्वच्छ दिसत होते. आता काही उरले नाही अशा समाधानाने निरंजनने निकाल दिला.

"स्वयंपाकघर पूर्ण निर्दोष आहे."

शेगडीपाशी उभ्या असलेल्या हेमांगीने हातातला डाव खाली ठेवला. तिचा चेहरा पार उतरला होता. जागा निर्दोष, म्हणजे दोष कुणाचा, हे तिला तत्क्षणी कळले होते. निरंजनला ते तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर कळले.

 आता आचार्यांनी एक विचित्रच गोष्ट सांगितली. रोज या वेळी घरातले जो जिथे असतो त्याने तिथे जाऊन बसावे, आणि हेमांगीच्या जागी उभे राहून निरंजनने दूध तापवावे. व्यापारी गोंधळला, पण उठून ओसरीवर गेला. त्याच्या पत्नी, ज्यांना सगळे अक्का म्हणत, त्या स्वयंपाकघराच्या दारातल्या वेताच्या खुर्चीत येऊन बसल्या. त्यांची ती रोजची जागा होती.

निरंजनने पातेले चढवले. समोर आरसा होता आणि आरशात अक्का होत्या. त्या रागावल्या नाहीत, बोलल्याही नाहीत, नुसत्या पाहत होत्या. त्याने आच कमी केली, तशी त्यांची नजर त्याच्या हातावर आली. आपण घेतलेला चमचा दुधाचा की आमटीचा, अशी त्याला उगाच शंका आली. तो बदलला. मग स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला, आणि तेवढ्यात दूध भसकन उतू गेले.

कुणी हसले नाही. आचार्यांनी आरसा काढून ओसरीवरून आत आलेल्या व्यापाऱ्याच्या हाती दिला. मग अक्कांना उठायला सांगून दारातली वेताची खुर्ची स्वतः उचलून त्यांनी ओट्याशेजारी, खिडकीपाशी नेऊन ठेवली.

"अक्का, दारात वारं लागतं. इथे बसा, आणि एवढी मेथी निवडून द्या," ते म्हणाले.

अक्का बराच वेळ उभ्याच राहिल्या. मग बसल्या. अर्धी जुडी निवडून झाल्यावर त्यांनी हेमांगीला विचारले, की तुझ्या माहेरी मेथीला लसूण किती घालतात. वर्षभरात असे काही त्यांनी पहिल्यांदाच विचारले होते.

अंगणात आल्यावर निरंजनने मान खाली घालून विचारले, की गुरुजी, आरसा तर ग्रंथातच सांगितला आहे ना?

"सांगितला आहे, आणि बरोबर सांगितला आहे," आचार्य म्हणाले. "पण त्यात कोण दिसणार हे ग्रंथाला कसं ठाऊक असेल? येणारं माणूस दिसावं म्हणून आरसा लावला आणि त्या पोरीला दिवसभर परीक्षक दिसत राहिला. अक्कांवर मात्र रागावू नकोस. चाळीस वर्षं त्या शेगडीपुढे त्या उभ्या होत्या. सून आली तेव्हा सगळ्यांनी त्यांना सांगितलं, आता बसा. कुठे बसा, ते कुणीच सांगितलं नाही. मग त्या दारात बसल्या. तू चुलीची जागा पाहिलीस, पाण्याची पाहिलीस, केराच्या डब्याचीसुद्धा पाहिलीस. घरातल्या एका माणसाला जागाच नव्हती, ते पाहायचं राहिलं."

 आपण एका वाक्यात एका मुलीचा संसार मोडायला निघालो होतो, याची निरंजनला मनापासून लाज वाटत होती.

त्या दिवशी गुरुशिष्यांचा मुक्काम तिथेच होता. सकाळी हेमांगीचा भाऊ आला. तिची भरलेली पिशवी रात्रीपासून ओसरीवर होती. पिठाने माखलेले हात घेऊन अक्का बाहेर आल्या आणि त्याला म्हणाल्या, "आलात तर जेवूनच जा. तिला सणाला पाठवीन. आता भाकऱ्या ती थापते नि मी भाजते, मला एकटीला नाही जमायचं."

हेमांगीने पिशवी उचलली आणि ती आत गेली.