कोऱ्या खांबाचं अत्तर

जाकाईच्या या मंडपात बारा खांब आहेत. अकरांवर कोरीव काम आहे. वेली आहेत, हरणं आहेत, पाणी भरणाऱ्या बायका आहेत. त्या कोपऱ्यातल्या खांबावर नांगराला जुंपलेली बैलजोडी आहे, तिच्यातल्या एका बैलाने मान वळवून जोडीदाराकडे पाहिलंय. बारावा मात्र हा असा, सपाट. जरा जवळ या, वास घेऊन बघा. आधी चंदन येतं, मागून लवंग आणि दालचिनी. खांब फणसाचा आहे, आणि फणसाच्या लाकडाला काही असा वास नसतो. आम्ही इथले गुरव. आमच्या घरात जे सांगत आलेत, तेच तुम्हाला सांगतो.

हे खांब धाकू मेस्त्रीने कोरले. इथला, या आंबेरण गावचाच सुतार. चौदा वर्षं तो या एका मंडपावर खपला, असं सांगतात. दुसऱ्या कुणाला छिन्नी लावू द्यायचा नाही. बायको लवकर गेली, मागे एक मुलगी, आवडी. ती दुपारची भाकरी घेऊन यायची आणि बाप जेवेपर्यंत समोर बसून राहायची, कारण उठून गेली तर भाकरी तशीच राहायची.

घाटाखालच्या पेठेत हसन अत्तार राहायचा. बंदरावरून बैलांच्या पाठीवर मसाले यायचे, त्यातली लवंग-दालचिनी निवडून तो अत्तर गाळायचा. एकदा तो इथे लाकडाचा भुसा मागायला आला आणि धाकूचं काम बघत संध्याकाळपर्यंत बसला. मग दर आठवड्याला येऊ लागला. दोघं फार बोलायचे नाहीत म्हणे. एक कोरायचा, दुसरा डोळे मिटून बसायचा.

एक दिवस हसन म्हणाला, "तुझी छिन्नी लाकडात शिरते ना, तेव्हा एक वास उठतो. लाकडाचा आहे, पण त्यात मसाल्यासारखी ऊब आहे. तो मला बाटलीत भरायचाय."

धाकू हसला. "काम डोळ्यांनी बघायचं असतं रे. त्याचा वास घेऊन काय करशील?"

अकरावा खांब पुरा झाला आणि धाकूच्या डोळ्यांत फूल पडलं. वैद्य झाले, नवस झाले. सहा महिन्यांत त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळू लागलं. चाचपून कोरता आलं असतं, त्याचे हात तेवढे तयार होते. पण मनच उठेना. हत्यारं त्याने फडक्यात बांधून फळीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला.

हसन भेटायला आला तेव्हा धाकू म्हणाला, "तू तो वास काढणार होतास. काढ आता. नाकात गेला तर हात उठतील कदाचित."

हसनने त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि शब्द दिला, "हुबेहूब काढीन. तो निघेपर्यंत तुझा उंबरा चढणार नाही."

सगळं बिघडलं ते या शब्दामुळे, असं आमचे आजोबा म्हणायचे.

हसनने दुकान बंद केलं. त्याच्या अंगणात चंदनाचं एक झाड होतं. त्याची धाकटी मुलगी तापाने गेली, त्या वर्षी लावलेलं. त्याने ते स्वतःच्या हाताने तोडलं. बायको दारात उभी राहून बघत होती. त्या झाडाच्या गाभ्याचं तेल काढलं. मग तांब्याच्या मोठ्या भांड्यात फणसाचा भुसा, लवंग, दालचिनी, थोडं जायफळ घालून मंद आचेवर चढवलं आणि त्याची वाफ नळीने त्या चंदनाच्या तेलात सोडली. पंधरा दिवसांनी पहिलं अत्तर उतरलं. बायकोला आवडलं. हसन म्हणाला, "लाकूड आलंय. ऊब नाही आली." त्याने पुन्हा भांडं चढवलं. दुसऱ्या खेपेला लवंगच वर आली. तिसऱ्या खेपेचं अत्तर इतकं सुरेख झालं की वाटेने जाणारे थांबू लागले. त्यावर तो म्हणाला, "हा देवळाचा वास आहे. काम करणाऱ्या माणसाचा नाही."

इकडे धाकूचं अन्न तुटलं. आवडी घाट उतरून पेठेत गेली. "हसनकाका, जसं झालं असेल तसं घेऊन चला."

"आवडे, थोडं राहिलंय. आणखी आठ दिवस."

आठ दिवसांनी ती पुन्हा गेली. या वेळी ती उंबऱ्यावर बसून राहिली. "नुसते तरी चला," ती म्हणाली. हसनने चुलीतलं लाकूड मागे ओढून आच कमी केली. "शब्द दिलाय पोरी. रिकाम्या हाताने कसा येऊ? चार दिवस दे." ती उठली आणि एकटीच घाट चढली.

पौष पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी अत्तर साधलं. हसनने वास घेतला आणि त्याला रडू फुटलं म्हणे, इतकं ते हुबेहूब होतं. बाटली छातीशी धरून तो अनवाणी घाट चढला. धाकूच्या घराशी पोचला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. धाकू पहाटेच गेला होता.

हसन उंबऱ्याबाहेरच खाली बसला. आवडी बाहेर आली. तिने त्याला बोल लावला नाही. एवढंच म्हणाली, "बाबांनी अत्तराचं एकदाही विचारलं नाही. 'हसन आला का?' एवढंच विचारायचे, रोज संध्याकाळी."

धाकूला पोचवून आल्यावर हसन या मंडपात आला आणि त्याने ती सगळी बाटली या खांबावर रिकामी केली. तो त्यानंतर वीस वर्षं जगला. ते अत्तर त्याने पुन्हा जुळवायचा प्रयत्न केला नाही. पुढे गावाने खांब पुरा करायला दूरचा एक मेस्त्री आणला. त्याने खांबावर हात फिरवला, तळवा नाकाशी नेला आणि छिन्नी पिशवीत परत ठेवली.

आजही त्या तिथीला हसनच्या वंशातलं कुणीतरी घाट चढून येतं. अत्तर मुरायला वर्ष लागतं, हे तेच तुम्हाला सांगतील. पण आंबेरणला आणायचं ते त्याच सकाळी उतरवलेलं, कच्चं, धुराचा वास असलेलं. ते आधी देवळात येत नाहीत. गावात कोण अंथरुणाला खिळलंय ते विचारतात, त्या घरी जातात, आजाऱ्याच्या हाताला बोटभर अत्तर लावतात आणि जवळ बसतात. उरलेलं मग खांबाला.

गेल्या पौषात माझी बायको अंथरुणावर होती. हसनच्या वंशातला अन्वर आला आणि तिच्या पायाशी बसला. बरेच दिवस ती कुणाशी बोलली नव्हती. हात नाकाशी नेऊन तिने त्याला विचारलं, "भाकरी खाऊन जाशील ना?" तो थांबला, जेवला, ऊन कलल्यावर गेला. ती माघात गेली.