मडक्यात उरलेल्या गुंजा

फार फार मागची गोष्ट आहे, लहानग्यांनो. मोठ्यांनीही जवळ सरकून ऐकावी अशी आहे.

एका डोंगराच्या पायथ्याशी शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांची आठ घरं होती. उन्हाळा चढला की खालचं गवत करपून जाई. हिरवं राही ते फक्त माथ्यावरचं कुरण, पण ते दोनच घरांच्या जनावरांना पुरे. म्हणून दर वर्षी देवळापुढे गुरव अरुंद तोंडाचं एक मडकं घेऊन बसे. त्यात तो आठ गुंजा टाकी. सहा तांबड्या आणि दोन पांढऱ्या. घरटी एकाने हात घालून एक गुंज काढायची. निघालेली गुंज परत आत जात नसे, सर्वांसमोर ताटात पडे. पांढरी ज्याच्या हाती लागेल, कुरण त्याचं.

पाळी वरच्या घरापासून लागे. येसू नावाच्या शेळीवालीचं घर खालून दुसरं, म्हणून तिचा हात सातवा. त्या वर्षी तिच्या सगळ्या शेळ्या गाभण होत्या. कुरण मिळालं नाही तर नदीपलीकडच्या माळावर जावं लागलं असतं. ती वाट लांबची, उन्हाची. गाभण शेळी त्या वाटेवर एकदा बसली की पुन्हा उठायची नाही, हे येसूला ठाऊक होतं.

पहिला हात मडक्यात गेला. तांबडी!

दुसरा गेला. तांबडी! तिसरीही तांबडीच. लोक टाचा उंचावून बघू लागले. चौथी पडली, तशी एक बाई ओरडली, "रुसलं गं बाई मडकं!"

त्या गावाची अशी समजूतच होती. मडकं एकदा रुसलं की मग ते तांबडीच देत सुटतं. पाचवी गुंजही तांबडी निघाली आणि सगळ्यांची खात्री पटली.

सहावा हात मोठ्या मेंढपाळाचा. गावात सर्वांत मोठा कळप त्याचा. त्याने मडक्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

"मी नाही घालत हात. अपशकुन नको. मी आत्ताच निघालो नदीपलीकडे."

गुरव म्हणाला, "हात सोडलास तर तुझी गुंज शेवटच्या हाताला जाईल. रीत ठाऊक आहे ना?"

"जाऊ दे की! तांबडीच असणार ती." मग तो येसूकडे वळला. "येसे, तूही चल. माझे गडी तुझ्या शेळ्या सांभाळून नेतील. जगतील त्यातल्या निम्म्या माझ्या."

"निम्म्या, मामा?"

"सगळ्या मरण्यापेक्षा बरं ना? बोल लवकर."

येसूचा एक पाय उचललाही गेला होता. तेवढ्यात तिला आपला गोठा आठवला. संध्याकाळी शेळ्या आत शिरतात तेव्हा ती आत आलेल्या मोजत बसत नसे. बाहेर कोण राहिली, तेवढंच बघे.

तिने ताटाकडे बघितलं. पाच तांबड्या आल्या. मग बाहेर कोण राहिलं?

तिने बोटांवर हिशेब केला.

"मामा, थांबा! अहो, मडकं रुसलेलं नाही! तांबड्या सहाच होत्या, त्यातल्या पाच निघाल्या. आत एकच तांबडी उरली, आणि पांढऱ्या दोन्ही आतच आहेत! घाला हात, मामा!"

मेंढपाळ हसला. "ऐका हो ऐका! लेंड्या झाडणारी आता मडक्याच्या पोटातलं सांगते!"

लोकही हसले. तो तरातरा निघून गेला.

येसू पुढे झाली. तिने हात आत घातला. तीन गुंजा बोटांना लागल्या, तिन्ही सारख्याच गुळगुळीत. आशा मोठी होती, पण ती एक तांबडीही आतच होती. तीच हाती आली तर? येसूने डोळे मिटले, एक गुंज मुठीत धरली आणि हात वर काढून मूठ उघडली.

बाळाच्या पहिल्या दातासारखी पांढरी!

देवळापुढे एकच गलका उठला.

आता शेवटच्या घरचे आजोबा राहिले. "घाला हात, आजोबा," येसू म्हणाली. "एक तांबडी नि एक पांढरी आहे आत. जशी भीती तशीच आशा!"

आजोबांनी गुंज काढली. तांबडी. त्यांचे डोळे भरून आले. लोक हळहळले.

येसू मात्र टाळ्या पिटत नाचू लागली. "रडता काय, आजोबा! सहाव्या तांबडीचा हिशेब मिटला. आता आत काय उरलं, ते मी न बघता सांगते!"

लोक ताटातल्या गुंजा मोजू लागले. मग एकाच्या ध्यानात आलं, मग दुसऱ्याच्या, आणि सगळे एकदम ओरडले, "पांढरी!"

गुरवाने मडकं पालथं केलं. पांढरी गुंज टणटणत ताटात पडली. त्याने ती उचलून आजोबांच्या हातावर ठेवली.

आरडाओरडा ऐकून मेंढपाळ नदीच्या वाटेवरून धावत आला. "अरे, ती माझी! माझ्या हाताची ती!"

"तुझ्या हाताची होती," गुरव हलकेच म्हणाला. "हात तूच सोडलास."

मेंढपाळ आपला कळप घेऊन उन्हातून माळाकडे गेला. आणि माथ्यावरच्या हिरव्या कुरणात येसूच्या शेळ्या सुखरूप व्याल्या.

तात्पर्य: हातचं काय गेलं ते मोजून खचू नये, अजून काय उरलं आहे ते मोजावं आणि मगच पाय उचलावा.