दसऱ्याचं कुंकू

कंप्युटरला घरोघरी कापडी खोळ शिवायचे दिवस सरले होते, तेव्हाची ही गोष्ट. मिरजेच्या एका दुकानात कंप्युटरची दोन रिकामी कॅबिनेट शेजारी शेजारी ठेवली होती. एक नवं, काचेचं, आत रंगीत दिवे लावलेलं. दुसरं गाण्याच्या शिक्षिका वत्सलाबाई पेंढारकरांचं, पत्र्याचं, पिवळट पडलेलं. बाईंचा कंप्युटर बंद पडला होता. आतलं सगळं नवं घ्यायचं होतं. ते कोणत्या कॅबिनेटमध्ये बसवायचं, एवढंच ठरायचं होतं.

"तुझ्या कपाळावर हा डाग कसला?" काचेच्यानं हिणवलं.

"दसऱ्याच्या कुंकवाचा," पत्र्याचं म्हणालं. "अठरा दसरे झाले."

"शी! मला बाई डाग चालत नाही. माझ्यात बघ कसं, सगळं आरपार दिसतं!"

तेवढ्यात बाई आल्या. काच बघून हरखल्या. मग पिशवीतून एक सीडी काढून दुकानदाराला म्हणाल्या, "सुंदर आहे हो इनामदार, पण ही कुठून घालायची?"

"बाई, नव्या कॅबिनेटला सीडी ड्राइव्हची जागाच नसते. आता सीडी लावतंय कोण?"

"मी लावते. माझ्या पहिल्या बॅचची पोरं गातायत हिच्यात. आता त्यांनाही पोरं झाली." बाईंनी जुन्या पत्र्यावर हात ठेवला. "नवं सगळं ह्यातच बसवा."



निघताना पत्र्याचं काचेच्याला हळूच म्हणालं, "वाईट वाटून घेऊ नकोस. तुलाही घर मिळेल. तिथं तुला रोज पुसतील. पण दसऱ्याला कुणी कुंकू लावलं, तर तेवढं मात्र पुसू देऊ नकोस."