तोंडभर पाणी

खूप जुन्या काळची गोष्ट. वर्षातले आठ महिने बर्फाखाली असणाऱ्या एका गावातली मुलगी राजधानीत शिकून परत आली. गावात शाळा काढायची, सगळ्यांना शहाणं करायचं, असं तिच्या मनात होतं. तिला वाटलं, गाव आपली वाट बघत असेल. पण गावचा म्हातारा गाडीवान कुत्र्यांनी ओढायची घसरगाडी आडवी पाडून गाडीच्या खालच्या लाकडी पट्ट्यांवर तोंडातून पाणी फवारत होता.

"आजोबा, हे काय चाललंय?"

"पट्ट्यांवर बर्फ चढवतोय. मग गाडी सरसर पळते. दर कोसाला पुन्हा चढवायचा."

"दर कोसाला थांबायचं? मी लोखंडी पट्ट्या आणल्यात. एकदा ठोकल्या की झालं."

"थंडी फार आहे, पोरी."

पण तिची थोरली बहीण तळ्यापलीकडच्या वाडीत तापाने फणफणली होती. औषध अंधाराआधी पोचायला हवं होतं. तिने पट्ट्या ठोकल्याच. म्हाताऱ्याने पाण्याची पिशवी तेवढी अंगरख्याच्या आत, पोटाशी बांधून घेतली आणि तो तिच्याबरोबर निघाला.

गोठलेल्या तळ्याच्या मध्यावर कडाक्याच्या थंडीत लोखंड कोरड्या बर्फावर घसरेना; गाडी वाळूतून ओढल्यासारखी जड झाली. पुढचा कुत्रा धापा टाकत म्हणाला, "ताई, गाडीत औषधच आहे ना? की डोंगर भरलाय?"

ती उतरून ढकलू लागली. सूर्य कलला, वाडी जवळ येईना.

"आजोबा, चुकलं माझं. आता काय करू?"

"पट्ट्या उपट. आणि थोडा वेळ बोलू नकोस, तोंडात पाणी धर."

तिने कोमट पाणी फवारलं. ते लाकडावर पडताच गोठून काचेसारखं चकाकलं. मग गाडी जी सुटली, ती कोसाला फवारण्यापुरती थांबत दिवेलागणीला वाडीत पोचली. पहाटे बहिणीचा ताप उतरला.

"हे लोखंड टाकून देते," मुलगी म्हणाली.

"टाकतेस कशाला? वसंतात बर्फ ओला होतो, आमचा मुलामा टिकत नाही. तेव्हा तुझ्या पट्ट्या लावून बघू."

त्याच सकाळी तिने ठरवलं: शाळा काढायचीच, पण पहिला धडा आजोबा देतील, आणि समोर सगळ्यांत पुढे आपण बसायचं.

तात्पर्य: शिकवायला जाणाऱ्याने आधी तिथल्या माणसांना काय येतं ते शिकून घ्यावं.