दहा रुपयांची पडवी

आगरवाडीच्या खोतांना घरापुढे चिऱ्याची नवी पडवी बांधून हवी होती. धाकू गवंड्यानं जागा नीट पाहिली आणि दोनशे रुपये सांगितले. अंगणात गाव जमलेलं. खोत सगळ्यांदेखत खो खो हसले.

"अरे, ही ओटी तुझ्या बापानं बांधली, तेव्हा माझ्या वडिलांनी त्याला दहा रुपये दिले होते. तुलाही दहाच मिळतील!"

धाकूनं मनात हिशेब केला. खोतांनीच दहा दिले, तर गावात दुसरं कोण जास्त देणार? मग पोरांच्या ताटात काय वाढायचं? तरी तो जागचा हलला नाही. शांतपणे म्हणाला, "बरं, खोतसाहेब. दहा तर दहा. पण आपल्याकडच्या रीतीनं मजुरी मी नारळात घेईन."

"घे की!" खोत खुशीत आले. "रुपयाला दोन, म्हणजे वीस नारळ उचल."

"वीस कसे? तुमच्या वडिलांच्या वेळी रुपयाला पन्नास यायचे. माझे पाचशे झाले."

खोत ताडकन उठले. "डोकं फिरलं का तुझं? वडिलांच्या वेळचा भाव आज कोण देतो?"

"मग मी तरी सकाळपासून दुसरं काय म्हणतोय, खोतसाहेब?"

अंगणात आधी एक म्हातारा खोकला, मग सगळेच हसले. धाकूनं विसारासाठी हात पुढे केला, आणि खोतांनी दोनशेच्या हिशेबानंच विसार दिला.