तीन भिंतींचा बंधारा

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळचे म्हातारेसुद्धा म्हणायचे, "आमच्या वेळी असं नव्हतं."

एका खोऱ्यात एक नदी होती आणि नदीवर तीन वाड्या होत्या. अलीकडच्या तीरावर ऐलवाडी, पलीकडच्या तीरावर पैलवाडी आणि मधल्या बेटावर बेटवाडी. दर पावसाळ्यात नदी त्यांचा बंधारा फोडून न्यायची. पाऊस सरला, की तिन्ही वाड्या मिळून तो पुन्हा बांधायच्या. बंधारा झाला, की पाणी पाटात चढायचं आणि हिवाळ्यात गहू-हरभरा उभा राहायचा. बंधारा नाही, तर पीक नाही. एवढं साधं होतं.

बंधाऱ्याचे तीन भाग होते, वाडीगणिक एक. एका वाडीचा भाग संपून दुसरीचा जिथं सुरू व्हायचा, त्या जागेला सांधा म्हणत. सांधा भरायची रीत होती. दोन्ही वाड्यांची माणसं कमरभर पाण्यात समोरासमोर उभी राहायची, एकमेकांचे खांदे धरायची आणि पायांनी चिकणमाती न् पेंढा तुडवायची. एकट्यानं उभं राहिलं, तर धार पाय उचलायची. शेजारच्या वाडीचा खांदा धरल्याशिवाय तिथं कुणाचाच टिकाव लागत नसे.

मग एका वर्षी भांडण लागलं.

काम सुरू करताना नदीला पहिला नारळ वाहायचा मान ज्याचा, त्यानं वर्षभर पाण्याच्या पाळ्या लावायच्या, असा रिवाज होता. तो मान असलेली म्हातारी वारली आणि मागं कुणाला द्यायचा, ते सांगून गेली नाही. तिन्ही वाड्यांचे कारभारी उठले. तिघंही पिकली पानं. आणखी किती हंगाम बघायला मिळतील, याचा भरवसा नाही, पण नारळ मात्र आपल्याच हातून पडायला हवा.

तरुणांनी विचारलं, "तिघांनी मिळून वाहिला तर?"

"तुम्हाला काय कळतंय," कारभारी म्हणाले.

या एका वाक्यापायी जगात जितकी माणसं मेलीत, तितकी तापानं मेली नसतील.

आधी काठ्या निघाल्या, मग गोफणी, मग भाले. तरी कुणी हरेना, कुणी जिंकेना. तेव्हा ऐलवाडीच्या कारभाऱ्यानं उत्तरेच्या राजाला सांगावा धाडला आणि त्याचे घोडेस्वार आले. ते बघून पैलवाडीच्या कारभाऱ्यानं डोंगरापलीकडच्या राजाचे हत्ती आणवले. मग बेटवाडीचा कसा मागं राहील? त्यानं दर्यापारच्या राजाचे तिरंदाज बोलावले.

तिघांनी आपापल्या वाडीला एकच सांगितलं, "हे आपले पाहुणे. आपलं रक्षण करायला आलेत."

त्या वर्षी बंधारा झाला नाही. पीक गेलं. पावसाळ्यात पाहुणे घरात झोपले आणि घरधनी गोठ्यात. लढाईत मात्र रांग उलटी लागायची. पुढं वाडीची पोरं, मागं पाहुणे. मेल्यावर पोरांना कारभारी शूर म्हणायचे. जिवंतपणी त्याच पोरांना ते दिवटे म्हणत होते.

ऐलवाडीच्या कारभाऱ्याला एक नात होती. तिचं नाव साळू. तिचा भाऊ बेटाच्या उताराला गोफणीचा धोंडा लागून पडला होता. घरात बियाण्याची शेवटची कणगी उरली होती. औंदा पाणी पाटात चढलं नाही, तर वाडी उठणार आणि माणसं वाट फुटेल तिकडं जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. आणि साळूला कुठंही जायचं नव्हतं. भाऊ या मातीत होता. ती कुठं जाणार?

पाऊस सरला. पाहुण्यांना आता ऐसपैस तळ हवा होता. स्वतःचं शेत द्यायला तिघाही कारभाऱ्यांचा जीव होईना. म्हणून तिघांनी नदीच्या वरच्या अंगाची गाळाची सपाटी दाखवली. ती कुणा एकाची नव्हती, सगळ्यांची होती. जे सगळ्यांचं असतं, ते म्हाताऱ्यांना फुकट वाटतं. बंधारा भरला, की ती सपाटी पाण्याखाली जाते, हे तिघांना ठाऊक होतं. पण वर्षभर भांडता भांडता आपण बंधारा बांधतो, हेच ते विसरून गेले होते. पाहुण्यांनी पूर ओसरलेला पाहिला होता. पाणी पुन्हा वर चढतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

एक दिवस दुपारी साळू तळावर दूध घालायला गेली. बघते तर काय, तिन्ही फौजांचे सेनापती एकाच सतरंजीवर बसून सोंगट्या खेळत होते. मध्ये पानाचं तबक होतं.

"गेल्या खेपेला उताराला माझीच माणसं हरली," उत्तरेचा म्हणाला. "या खेपेला मला जिंकू दे."

"तुझी माणसं कुठं होती?" डोंगरापलीकडचा हसला. "त्यांची होती."

"पण कुणाला फार जिंकू देऊ नका," दर्यापारचा दान टाकत म्हणाला. "कुणी जिंकलं, तर आपल्याला घरी जावं लागेल. माझ्या राजाला ही नदी हवीय, तिच्यातलं पाणी नकोय. नावा चालल्या म्हणजे झालं."

साळूनं दूध ओतलं आणि मुकाट परत आली. घरी येऊन तिनं आजोबांना सगळं सांगितलं.

कारभारी सुपारी कातरत होता. "पोरी, त्याला राजकारण म्हणतात."

"आबा, ते आपल्या माणसांच्या मरणाचं बोलत होते. सोंगट्या खेळता खेळता."

"मोठी माणसं खेळतातच."

"मग दादा कोण होता? सोंगटी?"

अडकित्ता थांबला. थोड्या वेळानं अडकित्ता पुन्हा चालू झाला.

बियाणं सगळीकडंच संपत आलं होतं, म्हणून कारभाऱ्यांना अखेर बंधाऱ्याची आठवण झाली. पण मिळून बांधायचा, तर आधी एकमेकांशी बोलावं लागणार. त्यापेक्षा प्रत्येकानं आपापल्या पाहुण्यांकडून पाथरवट मागून घेतले आणि आपापला भाग बांधला. घडीव दगडाच्या तीन भिंती उभ्या राहिल्या. एवढ्या उंच भिंती खोऱ्यात कुणी पाहिल्या नव्हत्या. आणि दोन्ही सांधे सताड उघडे. शत्रूचा खांदा धरून पाण्यात कोण उभं राहणार?

नदीनं भिंतींकडं पाहिलंही नाही. ती दोन्ही फटींतून निघून गेली.

"आबा, पाणी मधनंच जातंय," साळू म्हणाली.

"आपल्या भिंतीतनं एक थेंब गेला का?"

"नाही."

"मग झालं तर. गळतंय ते बेटवाडीच्या बाजूनं."

पलीकडं बेटवाडीचा कारभारी आपल्या लोकांना सांगत होता, की गळतंय ते दोन्ही तीरांच्या बाजूनं. पैलवाडीचा तर भिंतीवर चढून मिशीला पीळ देत होता. माणूस म्हातारा झाला, की शहाणा होतो, असं सांगणारा बहुधा स्वतः म्हातारा असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूनं पदर खोचला, मातीची पाटी डोक्यावर घेतली आणि ती पहिल्या सांध्यात उतरली. एकटीच. धारेनं लगेच तिचे पाय उचलले. पाटी गेली, ती जायची बाकी होती. तेवढ्यात बेटवाडीच्या भिंतीवर पहाऱ्याला उभा असलेला कोयाजी भाला टाकून पाण्यात उतरला आणि त्यानं तिचा खांदा पकडला.

साळूनं त्याच्याकडं पाहिलं. "तुमच्यातल्याच कुणीतरी माझ्या भावाला मारलं."

"हो," कोयाजी म्हणाला. "आणि तुमच्यातल्याच कुणीतरी माझ्या बापाला."

दोघं तशीच उभी राहिली. खांदा सोडला असता, तर दोघंही गेली असती.

"उभा काय राहिलास," साळू म्हणाली. "तुडव."

"काय तुडवू? माती वाहून गेली तुझी."

"मग हाक मार तुझ्या लोकांना. का तेही आम्हीच करायचं?"

कोयाजीनं हाक मारली. बेटवाडीची चारदोन पोरं पेंढा घेऊन आली. ती बघून ऐलवाडीच्या पोरी मातीच्या पाट्या घेऊन आल्या. शिव्या देत देतच काम सुरू झालं. दुपारी पैलवाडीची गिरजा आपल्या तीरावरून ओरडली, "दुसरा सांधा काय तुमचे पाहुणे भरणार?" आणि स्वतःच उतरली. तिला धरायला बेटवाडीचं माणूस आधीच पाण्यात होतं.

रडारड झाली, भांडणं झाली. एकदा तर दोघं खांदे न सोडता एकमेकांना चावले. पण माती बसत गेली आणि दोन्ही सांधे भरले.

पाणी चढायला लागलं.

आधी घोड्यांच्या खुरांशी आलं, मग तंबूच्या खुंट्यांशी. हत्तींचे पाय गाळात रुतले आणि माहूत त्यांच्या पाठीवर बसून देवाचा धावा करू लागले. तिरंदाजांच्या बाणांची पिसं भिजून लोंबली. सोंगट्यांचा पट तरंगत निघाला. कुणी बुडालं नाही. बंधारा भरतो तो हळूहळू, माणसाला पळायला वेळ देऊन. पण तळ उठला.

तिन्ही सेनापती गुडघाभर चिखलात कारभाऱ्यांकडं गेले. "बंधारा फोडा."

आणि ऐका, कारभारी निघाले. वाडीचं पीक उभं राहण्यासाठी जे तिघं कधी एकत्र आले नव्हते, ते पाहुण्यांचे तंबू सुकवायला एका वाटेनं चालत आले.

"साळू," आजोबा म्हणाले, "सांधा मोकळा कर. पाहुण्यांची गैरसोय होतेय."

साळू पाण्यात सांध्याचा वरचा थर तुडवत होती. तिचे हात कोयाजीच्या खांद्यावर होते. "आबा, पाहुणा येतो म्हणतो आणि जातो. हे वर्षभरात एकदा तरी 'येतो' म्हणाले का?"

"मी तुझा आजा आहे. मी सांगतोय."

"दादालाही तुम्हीच सांगितलं होतं."

म्हातारा पांढरा पडला. दर्यापारच्या सेनापतीला या घरगुती बोलण्यात रस नव्हता. त्यानं आपल्या तिरंदाजांना बाण लावायला सांगितलं.

बेटवाडीची पोरं नेहमीसारखी तिरंदाजांच्या पुढं उभी होती. त्यांनी मागं वळून बाणांची टोकं पाहिली. ती त्यांच्या डोक्यावरून कोयाजीकडं वळली होती. एक पोरगा रांगेतून निघाला आणि बंधाऱ्यावर जाऊन उभा राहिला. त्याच्या मागून दुसरा. मग सगळी रांग. ऐलवाडीची पोरं घोडेस्वारांच्या पुढून निघाली, पैलवाडीची हत्तींच्या पुढून. तिन्ही भिंतींवर आणि दोन्ही सांध्यांवर खांद्याला खांदा लागला. हातात गोफणी होत्या, पण त्यांची तोंडं पहिल्यांदाच एका दिशेला होती.

तेव्हा सेनापतींच्या ध्यानात आलं, की पुढची रांग गेल्यावर मागं फार काही उरत नाही. थोडे भिजलेले घोडे, रुतलेले हत्ती, पिसं गळालेले बाण. ज्या ताकदीला सगळं खोरं भीत होतं, ती खोऱ्याचीच पोरं होती. त्यांनाच पुढं उभं करून पाहुणे एवढे मोठे झाले होते.

"आम्ही निघालो, तर हे पुन्हा एकमेकांचे गळे धरतील," उत्तरेचा सेनापती जाता जाता म्हणाला.

"धरू," कोयाजी म्हणाला. "आमचे आहेत."

फौजा ज्या वाटांनी आल्या, त्या वाटांनी गेल्या. हत्ती काढायला मात्र पैलवाडीच्या पोरांनीच दोर लावले. मुक्या जनावराशी कुणाचं वैर नव्हतं.

त्या हिवाळ्यात तिन्ही वाड्यांचा गहू उभा राहिला. पुढच्या वर्षी तिघा कारभाऱ्यांना सांध्यात उतरवलं गेलं. त्यांनी एकमेकांचे खांदे असे घट्ट धरले, की बघणाऱ्यांना हसू आवरेना. म्हाताऱ्या पायांना धार आधी उचलते. साळूनं आजोबांना माती आणून दिली, पण त्यांना क्षमा केली, असं ती कधी बोलली नाही.

या बंधाऱ्याची कीर्ती लांबवर गेली. एक दिवस शेजारच्या खोऱ्यातले म्हातारे भेटी घेऊन आले. त्यांच्याकडंही भाऊबंदकी पेटली होती.

"तुम्ही तीन राजांच्या फौजा परतवल्या," ते साळूला म्हणाले. "तुमच्यासारखे शूर कुठं मिळणार? आमच्या बाजूनं या. तुमच्या गोफणी बघूनच ते पळतील."

बंधाऱ्यावर बसलेल्या पोरांच्या छात्या फुगल्या. खोटं कशाला बोला, शूर म्हटलेलं कुणालाही आवडतं. एकदोघांनी तर गोफणी कमरेच्या काढल्याही.

साळूनं भेटी परत केल्या. "आमच्यातला एकही तुमच्याकडं लढायला येणार नाही," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या घरात शिरून शूर व्हायला आम्ही काही राजे नाही."

"मग आम्ही दुसरं कुणी बघू," म्हातारे रागावून म्हणाले आणि वळले.

त्यांच्याबरोबर त्यांची तरुण पोरं आली होती. ती वळली नाहीत. म्हाताऱ्यांनी दोनदा हाका मारल्या, तरी ती तिथंच उभी राहून पाण्याकडं बघत होती. मग त्यातल्या एकीनं चपला काढल्या आणि विचारलं, "इथं पाय कसा रोवायचा, दाखवता का?"

लहानथोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: घरच्या भांडणात परक्याची तलवार बोलावली, की भांडण आपलं राहत नाही आणि घरही राहत नाही.