बुटकी मेढ

फार वर्षं झाली त्याला. तेव्हा उंबरसड्यावर रस्ता नव्हता, देवळाला कळस नव्हता आणि कड्याला कुंपण नव्हतं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट रान. वर चार बोटं माती, खाली सगळा काळा कातळ. धुकं उतरलं की गुरांना कडा दिसायचा नाही आणि दर पावसाळ्यात एखादं जनावर घळीत जायचं. म्हणून एका हिवाळ्यात गाव एक झालं आणि घराघरांत वाटून घेऊन कड्याच्या अंगानं खैराच्या मेढी रोवल्या. मेढ म्हणजे कुंपणाचा लाकडी खांब.

त्या हिवाळ्यात मालू घाटाखाली कोळशाच्या भट्टीवर होता. हा बिरूचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा बिरूनंच त्याला खांद्यावर घेऊन वाढवलं. मालू तापट होता. डोक्यात काही यायच्या आत त्याचा हात चालायचा.

मालू परत आला आणि श्रावणातल्या धुक्यात बिरू गेला. घरची कालवड कुंपणाच्या फटीतून कड्यावर गेली होती. बिरूनं एका हातानं मेढ धरली, बाहेर वाकला आणि दुसऱ्या हातानं कालवडीचं दावं ओढलं. कालवड आत आली. मेढ मात्र मुळासकट उपटली आणि बिरूला घेऊन खाली गेली. गावानं बिरूला वर आणलं. मेढ खालीच राहिली.

दहावा झाला, तेरावा झाला. मालूच्या तोंडी एकच प्रश्न.

"ती मेढ कुणी रोवली हुती?"

शिदूतात्या गावचा कारभारी. तो म्हणाला, "पावसानं कुजली रं पोरा." लोहार म्हणाला, "वाळवी लागली हुती." आणि बिरूची बायको, ठकू वहिनी, म्हणाली, "नशीब, भावजी. दुसरं काय?"

मालू रात्रभर कूस बदलत राहिला. एकाच मेढीला तीन रोग कसे?

तेव्हापासून त्याला गाव वेगळंच दिसायला लागलं. तो पारावर आला की बोलणं थांबायचं. कुणी न मागता तंबाखू पुढं करायचं. वहिनी त्याला जास्तीची भाकरी वाढायची आणि नजर चुलीकडं ठेवायची. गाव काहीतरी गिळून बसलंय, हे त्याला पक्कं कळलं. मग एके दिवशी तो कड्यावर गेला आणि पहिली मेढ धरून गदागदा हलवली. ती हातात आली. दुसरी हलवली, तीही आली. खैराचं लाकूड साबूत होतं. ना कुजलेलं, ना पोखरलेलं. पण जमिनीत होतं किती? वीतभर!

बायका ओरडल्या, गडी काठ्या घेऊन धावले. शेरडं मोकळ्या जागेतून कड्याकडं निघाली होती. मालूनं उपटलेली मेढ शिदूतात्यासमोर टाकली.

"तात्या, ही तुमची. बूड बघा. कुऱ्हाडीनं छाटलंय."

तात्याचं तोंड उतरलं. "कातळावर पहार वाजली की पुढं जात न्हाई रं. मग बूड छाटायचं. वरनं समद्या मेढी सारख्या दिसल्या म्हंजे झालं. समदेच छाटत्यात."

"आन् दादाच्या हातात आली ती? ती कुणी छाटली?"

तात्यानं हळूच ठकू वहिनीकडं पाहिलं, आणि ते मालूनं पाहिलं.

त्या दिवसापासून त्याचं नाव हलव्या पडलं. दिसेल ती मेढ तो हलवायचा. गोठ्याची, मांडवाची, देवळापुढची. "हलव्या, आमच्या म्हाताऱ्याचा दात हलतोय, तेवढा बघून जा!" अशी पोरं चिडवायची. गावानं त्याला दोनदा बडवलंही, असं म्हणतात. पण त्याच्या हाताला हललेली मेढ धनी रातोरात नीट रोवायचा, असंही म्हणतात.

घरात मात्र संशय धुरासारखा भरला. एकदा त्यानं वहिनीला तोंडावर विचारलं, "कुणाला झाकताय?"

"झाकतेय असंच समजा," वहिनी म्हणाली. "पर घळीत उतरू नका, भावजी. तुमच्या पाया पडते."

त्यानं ते उलटंच धरलं. आपल्या दादाला मारणारा माणूस हिच्या ओळखीचा आहे, असं त्याच्या मनानं घेतलं. उन्हाळा लागला, घळ कोरडी पडली, आणि मालू कंबरेला कुऱ्हाड खोचून उतरला. ज्याची मेढ निघेल त्याचं काय करायचं, ते त्यानं ठरवलं होतं.

मेढ करवंदीच्या जाळीत अडकली होती. त्यानं ती ओढून काढली आणि बूड उन्हाकडं धरलं.

छाटलेलंच होतं. पण घाव उलटा होता. सगळ्या गावाच्या कुऱ्हाडी उजवीकडून पडतात, ही डावीकडून पडली होती. असा तिरका, तुटक घाव मालूच्या हाताला लहानपणापासून ठाऊक होता. त्याच्या भोवऱ्यावर होता, गोफणीच्या दांड्यावर होता, घराच्या उंबऱ्यावर होता. आख्ख्या सड्यावर डावखुरा माणूस एकच.

"दादा," तो म्हणाला, "तू पण?"

त्यानं मारलेली हाक कड्यानं परत केली नाही, असं म्हणतात. त्या घळीत अजून कुणाचीच हाक परत येत नाही.

जिथं शेळीचा पाय ठरत नाही, त्या वाटेनं मालू मेढ खांद्यावर घेऊन वर आला. गाव कड्यावर जमलं होतं. शिदूतात्या म्हणाला, "गेलेल्या माणसाची मेढ कशाला उपटायची, म्हणून गप बसलो रं." बिरू जिथून गेला, तिथंच मालूनं कातळावर शेणी रचून जाळ केला. कातळ लाल झाला. ठकू वहिनीनं न सांगता पाण्याची घागर आणून दिली. त्यानं पाणी ओतलं, कातळ तडकला, कपऱ्या उडाल्या. पुन्हा जाळ, पुन्हा पाणी, पुन्हा पहार. असे किती दिवस गेले ते कुणी मोजलं नाही. शेवटी एवढा मोठा आवाज झाला की घळीतली घारी-गिधाडं उडाली आणि घाटाखालच्या माणसांनी ढग शोधले. कातळात खड्डा पडला होता, बगलेपर्यंत खोल.

मालूनं मेढीचं बूड जाळून काळं केलं, ती आत उतरवली आणि भोवती कपऱ्या ठोकून ठोकून बसवल्या. मेढ आधीच आखूड, त्यात एवढी खोल गेलेली. वर उरली ती गुडघ्याएवढी. शेजारच्या उंच मेढींमध्ये ती बसलेल्या माणसासारखी दिसायला लागली.

"हलवा," मालू म्हणाला.

सगळ्या गावानं हलवली. हलली नाही. शेवटी वहिनी पुढं झाली, दोन्ही हातांनी तिनं मेढ धरली, आणि सोडलीच नाही. बराच वेळ.

पुढं मालूनं कड्यावरची एकूणएक मेढ पुन्हा रोवली. त्यातच केस पांढरे झाले. त्याचा तळहात लागला की कातळ मऊ व्हायचा, असं म्हणतात. एका धुक्यात तो दिसेनासा झाला. त्याची पहार कड्यावर कातळात उभी सापडली. ती अजून तिथंच आहे, कुणाला उपटत नाही. आणि वाळलेल्या खैराच्या त्या बुटक्या मेढीला दर श्रावणात पालवी फुटते. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. पण गेलात तर आधी हलवून बघा, मग टेका.

उंबरसड्यावर लग्न निघालं की आजही मुहूर्तमेढ बाकीच्या खांबांपेक्षा आखूड असते. पाहुण्यांना वाटतं, लाकूड कमी पडलं. तिला हळदकुंकू लावायच्या आधी नवऱ्यामुलाचा किंवा नवरीचा धाकटा भाऊ पुढं येतो. भाऊ नसेल तर बहीण येते. मेढ दोन्ही हातांनी धरायची आणि म्हणायचं, "दादा, हलवतो हं."

मेढ हलली तर कुणी हसत नाही. कुणी रोवली, असं कुणी विचारत नाही. वाजंत्री थांबतात, आणि पुन्हा पहार आणली जाते.